चांदणी ख्रिसमसची की दिवाळीची?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत टॅटूवर एक पान आलं होतं, त्यात एका चौकटीत 'स्टार टॅटूचे अर्थ' अशी यादी होती. पाच टोकं असतील तर यश, सहा असतील तर ज्यू धर्म, आठ असतील तर नशीब, आणि शेवटी तळटीप की ही सगळी पाश्चात्य चिन्हं आहेत, आपल्या तरुणांनी विचार करून काढावीत. ते पान मी कापून ठेवलंय. आमच्या घरात तीन पिढ्या चांदणीवर चालल्यात, एवढं सोपं असतं तर आम्हाला आधी कळलं असतं.

मी कंदीलवाला. म्हणजे पोटापाण्याला एका गोडाऊनमध्ये नोकरी आहे, पण गणपती गेले की दिवाळीपर्यंत रोज रात्री आणि रविवारी अख्खा दिवस घरात नुसत्या बांबूच्या कामट्या, कागद आणि खळ. वडील मिलमध्ये होते. १९८२ चा संप झाला आणि त्यांचं खातं काही परत उघडलं नाही, तेव्हा चाळीतल्या तिघा-चौघांनी मिळून कंदील बनवून दादरला आणि माहीमच्या कंदील गल्लीत द्यायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. बाकीचे गेले, काही गावी गेले काही वर गेले, मी राहिलो. करतो सगळे प्रकार पण आमची ओळख चांदणीची.

चांदणीला दहा कामट्या लागतात, सगळ्या एका मापाच्या, तासून सारख्या केलेल्या. पाचाची एक चांदणी बांधायची, पाचाची दुसरी, दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची आणि मधे जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथे पाच जागी बोटभर तुकडे उभे अडकवायचे की पोट फुगतं. खरी मेख कामट्या कुठे छेदायच्या त्याच्यात आहे. दोन फुटी कामटी असेल तर दोन्ही टोकांकडून नऊ इंचाच्या किंचित पुढे खूण करायची, सव्वानऊला जरा कमी. इकडेतिकडे झालं की एक पाय लांब एक आखूड, आणि कंदील टांगला की लंगडत असल्यासारखा दिसतो. वडिलांनी हे माप कुठून आणलं देव जाणे, त्यांच्याकडे खुणा केलेली एक लाकडी पट्टी होती, ती आता माझ्याकडे आहे. लेक कॉलेजला गेल्यावर तिने कागदावर हिशोब मांडून दाखवला की बाबा हा गोल्डन रेशो आहे, म्हणजे अख्ख्या कामटीचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण तेच मोठ्याचं लहान तुकड्याशी, आणि ग्रीसमध्ये पायथागोरसच्या शिष्यांची ही पाच टोकांची चांदणी म्हणजे आपसातली ओळखीची खूण होती. मी म्हटलं असेल, आमच्याकडे पट्टी आहे. सहा टोकांची चांदणी त्या मानाने सोपी, दोन त्रिकोण उलटसुलट, कामटीचे बरोबर तीन भाग, आठ इंचावर खूण. आठ टोकांची म्हणजे दोन चौकोन तिरके ठेवायचे, सात इंचावर खूण. नऊ, आठ, सात. मला विचाराल तर टोकांच्या संख्येचा एवढाच अर्थ मला खात्रीने सांगता येईल.

आता भांडणाचं सांगतो, कारण पत्र त्याच्यामुळे लिहितोय. आमची चाळ जाऊन तिथे टॉवर झालाय. गेल्या दिवाळीत कॉमन पॅसेजला लावायला मी चांदण्या दिल्या, फुकट दिल्या हे पण सांगतो, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं की स्टारचे कंदील ख्रिसमसचे असतात, दिवाळीला आपले पारंपरिकच लावावेत. त्याच्यावर अंगठे. त्याच्यावर दुसऱ्याने लिहिलं, संस्कृती जपा. मी खाली उतरून विचारलं तर म्हणे काका तुमच्यावर राग नाही, पण मुलांना चुकीचा मेसेज जातो. आणि पंधरा दिवसांपूर्वी तुमचं पान आलं ते त्याच गृहस्थांनी ग्रुपवर टाकलं, पुरावा म्हणून!

तर खरं काय ते ऐका. दिवाळीत जे सांगाडे उरतात त्याच्यावर मी डिसेंबरात पांढरा नाहीतर लाल कागद लावतो, खालच्या झिरमिळ्या काढून टाकतो, आणि तेच वांद्रे, माहीम, ओर्लेमला जातात. बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायका ऑर्डर देऊन जातात, त्यातल्या दोघी तर दिवाळीत पण घेतात. सांगाडा तोच, दोरा तोच, माप तेच. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना तारा दिसला आणि तो त्यांना बेथलेहेमपर्यंत घेऊन गेला असं आहे, पण त्याला टोकं किती होती हे कुठे लिहिलेलं नाही. जर्मनीतल्या मोरावियन पंथाचे लोक नाताळात जो तारा लावतात त्याला २६ टोकं असतात, फिलिपिन्समध्ये पारोल म्हणून असतो तो बांबूचा, पाच टोकांचा, दहा कामट्यांचा, म्हणजे थेट आमचाच! त्यांनी आमचा घेतला नाही, आम्ही त्यांचा घेतला नाही, बांबू हातात आला की माणूस हेच करणार. अहो कुठल्याही शाळकरी पोराला आकाश काढ म्हणा, हात न उचलता पाच रेघांत चांदणी काढेल, त्याला काय कुणी धर्म शिकवलाय?

आणि ताऱ्याला टोकं मुळात असतातच कुठे, तो सूर्यासारखा गोळा. टोकं दिसतात ती आपल्या डोळ्यातल्या भिंगात बारीक सांधे असतात त्याच्यामुळे. दुर्बिणींचं पण तेच, हबलच्या फोटोत ताऱ्याला चार टोकं येतात, आणि २०२२ च्या जुलैत वेब दुर्बिणीचे फोटो आले त्यात सहा मोठी आणि दोन बारीक, कारण तिचा आरसा षट्कोनी तुकड्यांचा आणि त्याच्या पुढ्यात तीन दांड्या. हे लेकीने समजावलं. इजिप्तमध्ये उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, म्हणजे चार हजार वर्षांच्याही आधी, खोलीच्या छतभर पाच टोकांच्या चांदण्या कोरल्यात, इराककडे इश्तार देवीचा तारा आठ टोकांचा आणि तो म्हणजे शुक्र. तुमच्या यादीत आठला 'नशीब' लिहिलंय, कुणी लिहिलं हो ते?

शुक्रावरून आठवलं. पुराणात शुक्र पुरुष, दैत्यांचे गुरू, एका डोळ्याचे, पण आपल्या मराठीत पहाटे तोच उगवला की 'शुक्राची चांदणी' होते आणि देखण्या मुलीला पण आपण तेच म्हणतो. तारा लांबचा, चांदणी घरातली. चैत्रात बायका अंगणात चैत्रांगण काढतात त्यात सूर्य चंद्र शंख चक्र तुळस गोपद्म आणि जोडीला चांदणी असतेच. पाश्चात्य म्हणे.

आता गोंदणाबद्दल, तुमच्या अख्ख्या पानात हा शब्द एकदा पण आला नाही त्याचं मला जास्त लागलं. माझी आजी संगमेश्वरकडची. तिच्या कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर एक, डाव्या हातावर तुळशीवृंदावन आणि उजव्या मनगटाच्या वर चांदणी. चांदणी म्हणजे तुम्ही आता पाहता तशी रेघांची नाही, मधे एक ठिपका आणि भोवती पाच ठिपके, रेघा आपण मनाने जोडायच्या. रांगोळीचंच सगळं. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून बोटाने ते ठिपके जोडायचो, कातडी सैल झालेली त्यामुळे चांदणी हलायची. हिरवं गोंदण म्हणतात तसं ते हिरवट झालेलं. ती सांगायची, यात्रेत गोंदणारीण बसायची, काजळीत कसल्यातरी पाल्याचा रस कालवायची आणि सुया एकत्र बांधून टोचायची, वर हळद. आणि नेहमीचं वाक्य, मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, लुगडं पण काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं.

हे ऐकायला छान वाटतं आणि लोक इथेच थांबतात. पण तिने आणखी एक सांगितलेलं, मी मोठा झाल्यावर, की ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि दोघी बायकांनी तिला धरून ठेवलेलं. वृंदावन काढताना ती एवढी ओरडली की गोंदणारणीने हात थांबवला, तिला गूळ दिला आणि विचारलं, आता एक तुझ्या मनाचं सांग काय काढू. तिने सांगितलं चांदणी. का सांगितलं ते तिला पण आठवत नव्हतं. म्हणजे तुळस सासरच्यांसाठी, कपाळावरचा ठिपका रीत म्हणून, आणि चांदणी तेवढी तिची. आता हा अर्थ तुमच्या चौकटीत कुठे बसवायचा सांगा. आमच्या आईने गोंदलं नाही, तिच्या पिढीला त्याची लाज वाटायची, मुंबईत गोंदलेली बाई म्हणजे अडाणी असं लोक समजायचे, माझी एक मावशी तर हातावरचं झाकायला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची मे महिन्यात सुद्धा.

आणि आता लेक. चोवीस वर्षांची, नोकरी लागली, पहिल्या पगारात बांद्र्याला जाऊन मनगटावर चांदणी काढून आली. आजीच्याच जागी, उजव्या मनगटाच्या वर, मला न विचारता. तीन दिवस घरात बोलणं बंद, लेकीचं आणि तिच्या आईचं, मी मधे. मला राग चांदणीचा नव्हता, साडेतीन हजारांचा होता, तेवढ्यात मी किती सांगाडे केले असते. तिथल्या मुलाने तिला सांगितलं हा नॉटिकल स्टार, टोकाचा अर्धा भाग काळा अर्धा मोकळा, होकायंत्रावर असतो तसा, खलाशी लोक काढायचे, वाट चुकू नये आणि घरी परत यावं म्हणून. हे मात्र खरं आहे, मी स्वतः पाहिलंय, आमच्या चाळीत तळमजल्याला एक रत्नागिरीकडचे काका होते, बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, त्यांच्या अंगठ्याजवळ तसलीच चांदणी होती, कुठल्यातरी बंदरात काढलेली. ते दर वेळी परत आले. शेवटी चाळीच्या जिन्यावरून पडून गेले बिचारे.

गोंदणात आणि टॅटूत म्हणाल तर, टॅटू यंत्राने काढतात एवढाच काय तो फरक. न्यूयॉर्कच्या ओरायली नावाच्या टॅटूवाल्याने १८९१ मध्ये एडिसनच्या विजेच्या पेनावरून त्याचं पेटंट घेतलं. बाकी काळ्या शाईत आज पण मुख्य माल काजळीच असते, आजीच्या वाटीत होती तीच. सुई कातडीच्या दुसऱ्या थरात शाई सोडते, तिथल्या पेशी ती बाहेरची घाण म्हणून गिळून बसतात आणि गिळून बसतात म्हणूनच ती टिकते. वर्षानुवर्षांनी शाई जराजरा पसरते, म्हणजे बारीक टोकं आधी जातात. हे कुणी सांगत नाही पोरांना, नखाएवढी चांदणी काढली तर वीस वर्षांनी तो ठिपका होतो. (आणि टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे तुम्ही अर्थांच्या यादीऐवजी छापलं असतं तर उपयोग झाला असता. लेकीला शिबिरात जाऊन कळलं.)

तो खलाशांचा तारा म्हणजे ध्रुव. आपल्याकडे लग्नात ध्रुव दाखवतात, आता लग्न दुपारचं आणि हॉलमधलं असल्यामुळे गुरुजी पीओपीच्या छताकडे बोट करतात आणि नवरा-नवरी माना हलवतात. लोकांना वाटतं ध्रुव सगळ्यात तेजस्वी, तसं काही नाही, साधा मध्यम तारा आहे. मुंबईतून तो उत्तरेला क्षितिजापासून १९ अंशांवर, हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवा, तिथे. आमच्या गच्चीवरून त्या जागी समोरच्या टॉवरचा अठरावा मजला येतो. आणि अढळ म्हणाल तर शाळेच्या सहलीत वरळीच्या नेहरू तारांगणात नेलेलं, १९७७ ला उघडलेलं त्यामुळे तेव्हा नवंच होतं, तिथे ऐकलं ते डोक्यात बसलंय की पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी साधारण २६,००० वर्षांची, पिरॅमिड बांधले तेव्हा ध्रुवाच्या जागी ठुबान नावाचा दुसराच तारा होता आणि अजून बाराएक हजार वर्षांनी अभिजित त्या बाजूला येणार. म्हणजे अढळपद पण आळीपाळीनं.

सहा टोकांचं राहिलं. वडिलांचे एक मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू होते, कोकणातलं गावावरून पडलेलं आडनाव, घरात मराठी, पूर्वजांचा धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाकडे 'शनिवार तेली' म्हणायचे. मांडवीला त्यांचं १७९६ चं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, मशीद बंदर हे नाव त्याच्यावरूनच पडलं असं ते छाती काढून सांगायचे. दर वर्षी त्यांना सहा टोकांची चांदणी लागायची आणि वडील ती करून द्यायचे, पैसे कधी घेतले नाहीत. तेच सहा टोकांचं चिन्ह आपल्याकडे पूजेच्या यंत्रात आहे, शिव आणि शक्ती, वरचा त्रिकोण खालचा त्रिकोण, योगातल्या अनाहत चक्रात पण तेच, आणि दिल्लीला हुमायूनच्या कबरीवर दगडात आहे. आणि तेच चिन्ह १९४१ च्या सप्टेंबरपासून जर्मनीत ज्यूंना पिवळ्या कापडावर छातीवर शिवून फिरावं लागलं. ते काका हे सांगताना आवाज खाली करायचे. मग लगेच म्हणायचे, आम्हाला इथे कुणी कधी काही शिवायला लावलं नाही. मला वाटतं अर्थ टोकांपेक्षा कुणी काढली आणि कुणी काढायला लावली ह्याच्यात जास्त असतो, आणि कुठे काढली त्याच्यात. रशियातल्या तुरुंगात जुने गुन्हेगार गुडघ्यांवर तारे काढायचे, अर्थ असा की कुणापुढे गुडघे टेकणार नाही. तोच तारा कुणा कॉलेजच्या पोराने बघून गुडघ्यावर काढला तर त्याला फार तर हाफ पँट घालायला कारण मिळालं.

माझ्या साडूच्या मुलाचं तर असं झालं की हसावं का रडावं. फौजेत जायचं, ऑफिसर व्हायचं, खांद्यावर स्टार लावायचे हे त्याचं दहावीपासूनचं स्वप्न, त्या उत्साहात त्याने खांद्यावर मोठा स्टार गोंदून घेतला. सैन्यभरतीचा नियम असा आहे की कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला एवढाच चालतो, आदिवासी मुलांना त्यांच्या रीतीप्रमाणे सवलत आहे. खांद्यावर स्टार हवा म्हणून गेला आणि खांद्यावर स्टार आहे म्हणून बाद झाला. चूक त्याचीच, नियम आधी वाचायला हवा होता. आता लेझरला किती लागतील विचारत फिरतोय.

तर साहेब माझी मागणी दोन. एक, दिवाळीच्या आधी दोन ओळी छापा की चांदणीचा कंदील कुठल्या एका धर्माचा नाही, म्हणजे मला ग्रुपवर टाकता येईल, पुरावा म्हणून. दुसरी, पुढच्या वेळी टॅटूवर पान काढाल तेव्हा एखाद्या वार्ताहराला कोळीवाड्यांत, लालबाग-परळच्या उरलेल्या चाळींत, नाहीतर कोकणात पाठवा, गोंदलेल्या म्हाताऱ्या बायका आता मोजक्या राहिल्यात, त्यांचे हात फोटोत घ्या आणि प्रत्येकीला नीट विचारा की ह्यातलं तुझ्या मनाचं कुठलं. आमच्या आजीचा असा एकही फोटो नाही, जे आहेत त्यात पदर हातावर आलाय.

एक राहिलं. घरातलं बोलणं चालू झाल्यावर मी वडिलांची पट्टी घेऊन लेकीच्या मनगटावरची चांदणी मोजून पाहिली, ती झोपली होती तेव्हा. कामाची सवय, दुसरं काय. वरचा आणि उजवीकडचे दोन्ही ठीक आहेत, डावीकडचा खालचा पाय आखूड आहे. साडेतीन हजार घेतले आणि माप चुकवलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ती पेपर वाचत नाही, तेव्हा तुम्ही छापलंत तरी हरकत नाही.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
लोअर परळ, मुंबई